घरातील बंदुकीची तिजोरी : कोणती घ्यावी आणि कुठे बसवावी

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. आपले घर सातारा जिल्ह्यातील एका गावात आहे; पुढचा भाग नवा, आरसीसीचा आणि मागचा जुना, दगडमातीच्या भिंतींचा. वडिलांच्या पश्चात आपल्या नावावर झालेली १२ बोअरची दुनळी बंदूक आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर अशी दोन शस्त्रे आपल्या परवान्यावर आहेत. वर्षातून दोन-तीन वेळा आपण उभयता मुलाकडे पुण्याला महिना-दीड महिना राहायला जाता. गेल्या महिन्यात आपल्याच आळीतील एका बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरी झाली आणि तेव्हापासून आपल्याला तिजोरीचा विचार सुचला. पत्रा किती जाड असावा, कुलूप किल्लीचे घ्यावे की आकड्यांचे, तिजोरी कुठे बसवावी, आणि सोने व घराची कागदपत्रे त्याच तिजोरीत ठेवावीत का, असे आपण विचारले आहे.

मी गेली २८ वर्षे या भागात तिजोऱ्या बसवण्याचे, अडकलेल्या उघडून देण्याचे, आणि चोरी झाल्यानंतर उरलेसुरले पाहायला जाण्याचे काम करतो. या तिसऱ्या कामातून जे कळते ते कोणत्याही कॅटलॉगमध्ये छापलेले नसते. फोडलेल्या तिजोऱ्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत; उचलून नेलेल्या आणि घरातच सापडलेल्या किल्लीने शांतपणे उघडलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. पुढचे सर्व उत्तर या एका अनुभवावर उभे आहे, त्यामुळे पत्र्याच्या जाडीपेक्षा जमिनीबद्दल आणि किल्लीबद्दल मी अधिक लिहिले तर नवल वाटू देऊ नये.

सर्वांत आधी आपण न विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देतो. तिजोरी चोराचा वेळ खाते, आणि किती वेळ खाते यावरच जगभर तिची प्रतवारी होते. अमेरिकेत घरगुती तिजोऱ्यांसाठी यूएल १०३७ ही चाचणी सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्या पहिल्या पातळीत एक माणूस हातोडा, स्क्रू ड्रायव्हर आणि दीड फुटापर्यंतची कटावणी अशी साधी हत्यारे घेऊन पाच मिनिटे झटतो, आणि तेवढ्या वेळात त्याला तिजोरी उघडता आली नाही तर ती उत्तीर्ण होते. जिथे घरात माणसे आहेत, शेजारच्या ओसरीवर कोणी झोपलेले आहे आणि कुत्रे भुंकण्याची धास्ती आहे, तिथे पाच मिनिटांचा खडखडाट चोराला फार होतो. दीड महिना कुलूप असलेल्या घरात मात्र त्याला हव्या तितक्या रात्री मिळतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आठवड्यापेक्षा अधिक काळ घर बंद राहणार असेल, तर दोन्ही शस्त्रे घरात ठेवूच नयेत. परवानाधारक शस्त्रविक्रेते, ज्यांच्या परवान्यात तशी मुभा असते ते, ठरावीक शुल्क घेऊन शस्त्रे ताब्यात ठेवतात. याला सगळे सेफ कस्टडीच म्हणतात. रीतसर पावती घ्यावी, तिच्यावर शस्त्राचा क्रमांक बरोबर उतरला आहे की नाही हे तिथेच उभे राहून ताडून पाहावे, आणि पावती प्रवासात स्वतःजवळ ठेवावी. निवडणुकीच्या काळात आदेश आला की आपण शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करतोच. त्यापेक्षा हे काम अवघड नाही.

यात कायद्याची बाजूही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते, आणि शस्त्र चोरीला गेले किंवा हरवले तर जवळच्या पोलीस ठाण्याला तत्काळ कळवणे बंधनकारक असते. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणजे आपण त्या मर्यादेवर आहात. सोने गेले तर नुकसान आपले होते. रिव्हॉल्व्हर गेले तर ते कोणाच्या हाती पडले आणि कोणावर रोखले गेले, या चौकशीच्या फेऱ्या पुढची कित्येक वर्षे आपल्या मागे लागतात.

यातूनच आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. सोने, कागदपत्रे आणि शस्त्रे एका तिजोरीत ठेवू नयेत. बंदूक परवानाधारकाच्या, म्हणजे आपल्या एकट्याच्या ताब्यात असायला हवी; परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे आपल्या वतीने शस्त्र बाळगण्याची मुभा असलेला माणूस म्हणून, कोणाचे नाव नोंदवलेले असेल तर तेवढाच अपवाद. सोन्याचे तसे नसते. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, मुलगी माहेरी आली की तिजोरी उघडते, किल्ली वहिनींकडे असते, कधी सुनेकडे जाते, आणि उघडताना खोलीत चार पाहुण्या बायका असतात. त्या प्रत्येकीने आतली नळी पाहिलेली असते. शिवाय चोर जिथे सोने असण्याची शक्यता आहे तिथेच सर्वांत जास्त झटतो, म्हणजे त्याची सगळी मेहनत आपण स्वतःहून बंदुकीच्या दारावर वळवून घेतो. सोने बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या लहान तिजोरीत ठेवावे. शस्त्राची तिजोरी कंटाळवाणी असावी. वर्षात आठ-दहा वेळांपेक्षा जास्त उघडू नये.

आता पत्रा. गावाकडे बहुतेक घरांत बंदूक कपड्यांच्या लोखंडी कपाटात उभी केलेली असते. त्या कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला असतो आणि त्याचे दार मजबूत स्क्रू ड्रायव्हरने वाकते. आतल्या लॉकरला वेगळी किल्ली असते, पण तो लॉकरही त्याच पत्र्याचा. माझ्या हिशेबी ते कपाट म्हणजे कपाटच. ती तिजोरी होत नाही.

बंदुकीसाठी म्हणून जे कपाट विकले जाते त्यात गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवावे. १४ गेज म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, १२ गेज म्हणजे अडीच-पावणेतीन, आणि १० गेज म्हणजे सव्वातीनच्या आसपास. आपल्यासाठी अंगाला किमान तीन मिलिमीटर आणि दाराला त्याहून जाड, शक्यतो पाच-सहा मिलिमीटर, असा माझा सल्ला राहील. विक्रेता दार ठोकून दाखवतो आणि सहा मिलिमीटर सांगतो. पुष्कळदा दार पोकळ असते आणि त्याची घडी मारलेली कड तेवढी जाड दिसते. याची पारख करायला वजनकाटा पुरतो. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाडीला पावणेआठ किलोच्या किंचित वर भरतो. दीड मीटर उंच, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल अशा कपाटाच्या सहाही बाजू मिळून सुमारे २.९ चौरस मीटर पत्रा लागतो. तीन मिलिमीटरचा पत्रा असेल तर नुसते खोके ६८ किलोच्या आसपास, दोन मिलिमीटरचा असेल तर ४५ च्या आसपास. कुलूप, बोल्ट आणि आतल्या पट्ट्या यांचे दहा-पंधरा किलो वर धरावे. मग तीन मिलिमीटर सांगितलेले कपाट काट्यावर ५० किलोच भरले, तर काय समजायचे ते आपण समजू शकता. मी कोणतेही कपाट याच हिशेबाने घेतो; विक्रेत्याशी वाद घालावा लागत नाही.

हाच हिशेब दुसरी गोष्टही सांगतो. उत्तम म्हणवणारे कपाटसुद्धा ८० किलोचे, म्हणजे दोन माणसांच्या उसाच्या मोळीइतके. ते टेम्पोत टाकून रानात नेले की पत्रा तीनचा असो वा सहाचा, ग्राइंडरपुढे तो किती टिकणार? म्हणूनच युरोपात, जिथे तिजोऱ्यांच्या प्रतवारीसाठी ईएन ११४३-१ हे मानक वापरतात, तिथे हजार किलोच्या आतील तिजोरीला जमिनीशी किंवा भिंतीशी जखडण्याची सोय असणे आवश्यक मानलेले आहे. जर्मनीत जुलै २०१७ पासून नवी शस्त्रतिजोरी या मानकाच्या किमान शून्य श्रेणीची लागते, आणि ती २०० किलोपेक्षा हलकी असेल तर तिच्यात ठेवता येणाऱ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची संख्याही कमी धरली जाते. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक आहे. त्या मानकाचा शिक्का असलेली भरीव तिजोरी लहान आकारातही चांगली वजनदार भरते आणि रिव्हॉल्व्हरसाठी मला तीच पसंत आहे.

दुनळीच्या बाबतीत एक सोय आहे. ती मोडून नळ्या, पुढचा लाकडी फोरएंड आणि दस्ता असे तीन भाग होतात. नळ्या सहसा ३० इंचांच्या, म्हणजे पाऊण मीटरच्या. त्यामुळे चार फुटांची उभी बंदूक मावण्याइतके उंच कपाट घेण्याची गरज नाही. एक मीटर उंचीच्या तिजोरीत दोन्ही शस्त्रे बसतात, आणि त्याच पैशांत आपल्याला जाड पत्रा मिळतो. माझ्याकडून तिजोरी बसवून घेणाऱ्या जुन्या शिकारी घराण्यातील एका गृहस्थांची पद्धत मला फार आवडते : ते फोरएंड तिजोरीत ठेवतच नाहीत. तो तळहातापेक्षा थोडा मोठा लाकडी तुकडा घरात दुसऱ्या कुलपात असतो, आणि त्याच्याविना बंदूक नीट जुळत नाही.

काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. एकाच तिजोरीत ठेवणे भाग असेल तर आत स्वतंत्र किल्लीचा कप्पा असावा आणि त्याची किल्ली बाहेरच्या किल्लीच्या जुडग्यात नसावी. घरात नातवंडे येत असतील तर हा नियम चोरासाठी जितका आहे तितकाच त्यांच्यासाठीही आहे.

दार पाहताना मी तीन गोष्टी पाहतो. दार चौकटीच्या आत बसते की वरून टेकते. आत बसणारे हवे. दार आणि चौकट यांच्या फटीत एक रुपयाचे नाणे जाते का. जात असेल तर कटावणीचे टोकही जाईल. आणि बिजागरीच्या बाजूला आतून पट्टी किंवा स्थिर बोल्ट आहे का. बिजागरी बाहेर दिसते म्हणून लोक घाबरतात, पण आत ती पट्टी असेल तर बिजागरी कापूनही दार निघत नाही. बिजागरी लपलेली आणि पट्टी नसलेली तिजोरी मात्र दिसायला सुरेख आणि कामाला कच्ची असते.

कुलपाबद्दल आपण विचारले आहे ते सविस्तर लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात. स्वस्त आकडी तिजोऱ्यांत कुलपाची खिट्टी एका लहानशा विद्युतचुंबकाने धरलेली असते आणि त्यातल्या कित्येक निव्वळ योग्य ठिकाणी दणका बसला तरी सुटतात. हजार-दोन हजार रुपये वाचवून अशी तिजोरी घेणे म्हणजे घरफोड्याला डबा भरून देणे. चांगल्या प्रतीचे इलेक्ट्रॉनिक कुलूप निश्चितच वापरण्याजोगे असते, पण त्याला तीन पथ्ये आहेत : कारखान्याने घातलेला मूळ आकडा आणि मुख्य आकडा दोन्ही पहिल्याच दिवशी बदलायचे, बॅटरी वर्षातून एकदा न चुकता बदलायची, आणि सोबत आलेली आपत्कालीन किल्ली घरात ठेवायची नाही. बोटाच्या ठशांचे कुलूप मी शेतकरी माणसाला सहसा देत नाही. चार वर्षांपूर्वी एका ऊस बागायतदारांकडे असे कुलूप बसवले होते. तोडणीच्या हंगामात पाचटाने आणि चुन्या-खताने त्यांच्या बोटांच्या रेषा अशा झिजल्या की डिसेंबरात कुलूप त्यांना ओळखेना. रेशन दुकानात ठसा न उमटण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांनी हा मोह टाळावा.

आपल्याला मी दुहेरी दातांच्या किल्लीचे लिव्हर कुलूप सुचवतो. त्यात बॅटरी नाही, पावसाळ्यात रुसत नाही, आणि बिघडले तर तालुक्याच्या गावात दुरुस्त होते. त्याचा दोष एकच, तो म्हणजे किल्ली. चोर घरात शिरला की पहिला अर्धा तास कुलपाला हात लावत नाही, किल्ली शोधतो. कपाटाचा माथा, गादीखाली, देवघरातील तसबिरीमागे, शिलाई मशीनचा खण, आणि मग स्वयंपाकघर. एका घरात मी गेलो तेव्हा ओट्याखाली ज्वारी, तांदूळ, हरभरा डाळ आणि पोह्यांचा एकच ढीग झालेला होता, प्रत्येक डबा उपडा केलेला होता, आणि त्या ढिगाच्या कडेला तिजोरीची किल्ली ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती ती रिकामी पिशवी पडली होती. तिजोरीवर ओरखडाही नव्हता. घरच्या मालकीणबाई पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होत्या की तांदळाच्या डब्यातले कोणाला कसे कळले. हे सर्वांना ठाऊक असते. किल्ली घरात असेल तर ती अंगावर असावी. घर बंद असेल तर घराबरोबर ती राहू नये. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. पुण्याला मुलाकडे ठेवणे मला पसंत नाही, कारण कायद्याने शस्त्र त्याच्या ताब्यात नाही.

आता जमिनीकडे येतो. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः केलेली चूक इथे सांगितलीच पाहिजे. एका जुन्या घरात मी बंदुकीचे कपाट चार अँकर फास्टनरने शहाबादी फरशीत घट्ट बसवले. पाना फिरेनासा झाला तेव्हा समाधानाने घरी आलो. पुढच्या वर्षी चोरी झाली. जाऊन पाहतो तर कपाट जागेवर नव्हते, आणि तिथे दोन बाय दोन फुटांचा चौकोनी खड्डा होता. कटावणीने फरशीची कड उचलली, तशी फरशी चारही बोल्टांसह वर आली होती, कारण तिच्याखाली काँक्रीट नव्हतेच. नुसता धुमस केलेला मुरूम होता. माझे बोल्ट अखेरपर्यंत घट्ट होते. त्या दिवसापासून मी फरशीखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय भोक पाडत नाही.

आपल्या घरात तीन शक्यता आहेत. नव्या भागातील तळमजल्यावर टाइलखाली तीन-चार इंच काँक्रीट असण्याची शक्यता असते. ते चांगले असेल तर १२ मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट निदान तीन इंच त्या काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत, टाइल आणि तिच्याखालचा मसाला सोडून. टाइल आणि मसाला धरूनच बोल्टची लांबी मोजण्याची चूक नेमकी वरच्या मजल्यावर होते. स्लॅबच्या वर दीड-दोन इंचांचा मसाला आणि त्यावर टाइल असते, कारागीर अडीच इंचांचा बोल्ट वापरतो आणि तो स्लॅबला जेमतेम टेकतो. उलट फार लांब बोल्ट घेतला तर स्लॅबमधून गेलेली विजेची नळी सापडते. त्यामुळे ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळूनच भोक पाडावे आणि निघणाऱ्या भुकटीवर लक्ष ठेवावे. मसाल्याची भुकटी आणि स्लॅबची भुकटी रंगाने आणि हाताला वेगळी लागते. जुन्या भागात, जिथे मुरमावर फरशी आहे, तिथे तिजोरीच्या बैठकीपेक्षा चारही बाजूंनी सहा इंच मोठा, फूटभर खोल खड्डा घेऊन त्यात सळीची जाळी आणि वाकडे जे-बोल्ट घालून काँक्रीट ओतावे, दोन-तीन आठवडे पाणी मारावे आणि मगच तिजोरी बसवावी. बोल्ट ओतण्याआधी तिजोरीच्या तळाच्या भोकांचा कागदी साचा घेऊन ठेवावा, नाहीतर शेवटी भोके जुळत नाहीत आणि कारागीर बोल्ट वाकवून वेळ मारून नेतो.

भिंतीला जोडणे हा दुय्यम आधार आहे आणि भिंत कोणती यावर सर्व अवलंबून आहे. आरसीसीच्या खांबात बोल्ट उत्तम धरतो, भाजक्या विटांच्या नऊ इंची भिंतीत बरा धरतो. हलक्या सिमेंट ब्लॉकमध्ये साधा अँकर फिरत राहतो, तिथे रासायनिक अँकर, म्हणजे भोकात चिकटद्रव्य भरून बसवायचा बोल्ट, लागतो. दगडमातीच्या भिंतीत काहीच धरत नाही : दगड चुकला की मागे माती. अशा भिंतीत आरपार भोक पाडून दुसऱ्या बाजूला सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पाटी लावून नट आवळता येतो, पण ती दुसरी बाजू घराच्या आत असली पाहिजे. ओटीच्या बाहेरून नट दिसत असेल तर चोराला घरात येण्याचीही गरज उरत नाही. कोकणात जांभ्याच्या भिंतीबाबतही मी आरपार बोल्टच पसंत करतो.

जागा निवडताना बहुतेक मंडळी वास्तूचा विषय काढतात : तिजोरी नैऋत्येला, दार उत्तरेकडे, कुबेराच्या दिशेला. श्रद्धेवर मी बोलत नाही, मात्र ही दिशा चोरालाही पाठ असते. तो आधी मोठ्या झोपण्याच्या खोलीत नैऋत्येच्या कोपऱ्यातच जातो. सोन्याच्या तिजोरीसाठी आपल्याला दिशा पाळायची असेल तर जरूर पाळावी. बंदुकीची तिजोरी धनात मोडत नाही, तेव्हा तिला ही सक्ती नको.

आपण पाठवलेल्या नकाशावरून मला नव्या भागातील जिन्यालगतची लहान कोठीची खोली योग्य वाटते. तिथे दोन भिंती काटकोनात मिळतात आणि कोपऱ्यात खांब आहे. तिजोरी कोपऱ्यात अशी बसवावी की दाराची उघडणारी बाजू, म्हणजे मुठीची बाजू, भिंतीला अगदी लागून येईल आणि बिजागरीची बाजू मोकळी राहील. कटावणीला रेटा द्यायला हात-दोन हात मोकळी जागा लागते; ती भिंत देत नाही. समोरही जेमतेम दार उघडेल एवढीच जागा असावी. आपल्याला वाकून, अडचणीत तिजोरी उघडावी लागेल, आणि पहिले काही दिवस आपण मला दोष द्याल. ती अडचण पत्र्याइतकीच कामाची आहे. वर प्लायवूडचे साधे कपाट करून बाहेर गोधड्या, सतरंज्या ठेवल्या की ओझरती नजर तिथे थांबत नाही. दिवाणखान्यातून, खिडकीतून किंवा दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला दिसेल अशी जागा नको. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको, कारण ती बारा महिने ओल धरते. वरच्या मजल्याचा विचार असेल तर घरगुती स्लॅब आयएस ८७५ नुसार चौरस मीटरला साधारण २०० किलोचा चल भार धरून काढलेला असतो. शंभर किलोच्या आतली तिजोरी तुळईजवळ बसवायला हरकत नाही, त्याहून वजनदार असेल तर इंजिनिअरला विचारावे.

घरात माणसे असताना तिजोरीच्या दाराला लावलेला साधा चुंबकीय भोंगा फार उपयोगी पडतो, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. मोबाइलवर चित्र पाठवणारा कॅमेरा बसवणार असाल तर तो तिजोरीवर न रोखता कोठीकडे येणाऱ्या वाटेवर रोखावा.

दमटपणाबद्दल थोडे. आगीपासून संरक्षण देणाऱ्या तिजोऱ्यांच्या अंगात जिप्सम किंवा काँक्रीटसारखे पाणी धरून ठेवणारे भराव असतात. त्यामुळे आतली हवा दमट राहू शकते आणि नळीवर गंज चढतो. आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने सिलिका जेलच्या पिशव्या आत ठेवाव्यात. रंग बदलणारे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या म्यानात किंवा मखमली पिशवीत शस्त्र तिजोरीत ठेवू नये. चामडे ओल धरते आणि रिव्हॉल्व्हरवर म्यानाच्याच आकाराचा गंज उमटतो. तेलाचा पातळ हात आणि उघडे शस्त्र, एवढे पुरे.

तिजोरी घरी येण्याच्या दिवसाबद्दलही लिहितो. बंदुकीचे चित्र छापलेले खोके उघड्या टेम्पोतून भर आळीत उतरले की सगळ्या गावाला बातमी होते. विक्रेत्याला खोके काढून, गोणपाटात गुंडाळून पाठवायला सांगावे. मी मजुरांना आदल्या दिवशी घराचा पत्ता देत नाही आणि आत काय ठेवायचे आहे हे त्यांच्यासमोर कोणी बोलू नये असे घरच्यांना आधीच सांगून ठेवतो. सुतारकाम आणि रंगकाम तिजोरीच्या आधी उरकावे, नंतर नव्हे. खोके आणि वॉरंटीचे कार्ड रद्दीत देऊ नये. दोन्ही शस्त्रांचे क्रमांक, परवान्याची प्रत आणि त्यावरील यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक, यांचे फोटो तिजोरीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावेत. दुर्दैवाने फिर्याद द्यायची वेळ आली तर क्रमांक आठवत बसावे लागत नाही.

तिजोरीची ऑर्डर आत्ता देऊ नये. आधी गवंड्याला बोलावून कोठीच्या कोपऱ्यातील एकच टाइल अलगद काढून घ्यावी, तिच्याखाली ड्रिलने बोटभर भोक पाडावे आणि चार इंचांपर्यंत पांढरट काँक्रीटची भुकटी येते की तांबडा मुरूम, हे पाहून मला कळवावे. भुकटी पांढरी आली तर मी वर लिहिलेली मापे तशीच धरावीत. तांबडी आली तर आधी खड्डा आणि काँक्रीट, आणि काँक्रीटला पाणी मारण्याच्या त्या तीन आठवड्यांत दोन्ही शस्त्रे सेफ कस्टडीत.